डोलकाठीखालचे थर

होडी समोर आली की मिस्त्री बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे आणि कान लावायचे. मग म्हणायचे, “बद्द वाजतां गो. आणखी एक थर होयो.”

टकटक ते सगळ्यावरच करत. कलिंगडावर, चहाच्या टपरीवर. आमच्या घरात बारावी झालेली मी पहिलीच, म्हणून त्यांना मार्कशीट दाखवायला नेली. तिच्यावरही टकटक केली. लॅमिनेशन पाहून म्हणाले, “ह्यां बरां केलंस.”

मनोरीच्या फेरीसाठी मार्वेला थांबला असाल, तर खाडीत आमच्या क्लबच्या फायबरच्या छोट्या शिडाच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या मिस्त्री दुरुस्त करायचे. त्याआधी अंधेरीच्या कारखान्यात त्यांनी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवल्या होत्या. टाकी जाड झाली म्हणून कोणी तक्रार करत नाही. शर्यतीची होडी मात्र हलकी लागते, नाहीतर मागे पडते. हे त्यांना माहीत होतं. पटलं नव्हतं.

मला राज्याच्या संघात जायचं होतं. निवडीच्या शर्यतीआधी मी धीर करून म्हटलं, “काका, डोलकाठीखालचे जास्तीचे थर घासून काढाल?”

“काढतंय.”

होडी परत आली, ती मला आणि मैत्रिणीला मिळूनही उचलेना.

“काढलंय मां एक थर,” ते म्हणाले. “मगे थंय नाजूक वाटलां. म्हणान दोन घातलंय.”

“काका, माझी निवड गेली ना!”

“निवड परत येता. होडी मोडली तर तुका खंय शोधू?”

शर्यतीच्या दिवशी वारा चढला. माझ्या पुढच्या दोन होड्यांच्या डोलकाठ्या बुडातून उखडल्या. माझी होडी कुरकुरलीसुद्धा नाही. पोहोचलेल्यांत मी शेवटची आले. किनाऱ्यावर मिस्त्रींनी आधी माझ्या खांद्यावर टकटक केली, मग होडीवर. “खणखणीत,” म्हणाले. कोण, ते मी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. छातीत दुखत होतं, तेव्हा घरी “वाईच दमलंय” एवढंच म्हणाले होते.

यंदा वयोगटात बसायचं माझं शेवटचं वर्ष आहे. नवा कारागीर ग्राइंडर घेऊन आला. कडांचे जादा थर मीच त्याला काढायला लावले. डोलकाठीच्या बुडाशी आल्यावर त्याने विचारलं, “हे पण उडवू ना, ताई?”

मी पेराने टकटक केली. कान लावला.

“हे राहू दे.”

“वजन राहील मग.”

“रात्रीचा भात सोडते,” मी म्हटलं.