सुनेचं पान पास व्हावं म्हणून

आमच्या सासूबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातल्या पडद्याची कड वाकडी दिसली, की ती गुपचूप उसवून पुन्हा शिवून ठेवतात. बोलून दाखवत नाहीत. आपल्या माणसाचं हसं झालेलं त्यांना खपत नाही. याला गुण म्हणायचं की दोष, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी धाकटी जाऊ डिझायनर आहे. शिक्षकांना घरबसल्या स्वतःचा कोर्स तयार करून ऑनलाइन शिकवता यावा, अशी वेबसाइट तिची कंपनी चालवते. ती वेबसाइट उघडली की सगळ्यात आधी जे पान दिसतं, त्यावर काय कुठे असावं ते ही ठरवते. ऑफिसात त्याला लँडिंग पेज म्हणतात. आमच्या घरात ते ‘हिचं पान’.

जुन्या पानावरून माणसं नुसती डोकावून परत जात होती. साहेबांनी तिला ते नव्याने करायला सांगितलं आणि वर बजावलं, की या वेळी जमलं नाही तर काम बाहेरच्या लोकांना देऊ.

“आणि पान गेलं की मीही गेलेच समजा, ताई,” भांडी विसळता विसळता ती मला म्हणाली. “माझं दुसरं काम तरी काय आहे तिथे?”

मग जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती रोज बसायला लागली. समोर सासूबाई मटार सोलत बसायच्या. चष्म्यावरून अधूनमधून बघायच्या, पण एका शब्दाने मध्ये बोलायच्या नाहीत.

पान तयार झाल्यावर एका रविवारी तिने त्यांनाच परीक्षेला बसवलं. अशीच शिकवणारी, पण कॉम्प्युटरची फार सवय नसलेली माणसं तिला हवी होती. समोर मोबाईल उभा करून ती व्हिडिओ घ्यायला लागली.

“आई, तुम्ही शिवणकामाचा कोर्स सुरू करायला आलाय असं समजा. मी काही सांगणार नाही. मनात येईल ते मोठ्याने बोला.”

सासूबाईंनी चष्मा पुसला. “अगं बाई, केवढं हे! कुठून बरं सुरू करायचं?” असं म्हणत माउस जरा इकडेतिकडे फिरवला आणि तडक निळ्या बटणावर नेऊन दाबला. “सापडलं की! किती सोपं केलंयस गं!”

मी भाजी चिरत होते. मोबाईलवर आलेला फोटो उघडून द्या म्हणून दिवसभर हाका मारणाऱ्या बाई आज एवढ्या चटपटीत कशा, याचं मला नवलच वाटलं. जावेने तर आनंदाने त्यांचा गालगुच्चा घेतला.

तो व्हिडिओ तिने ऑफिसात सगळ्यांना दाखवला. साहेब खूश झाले. “आजींना जमलं म्हणजे कुणालाही जमेल,” म्हणाले. येणाऱ्या निम्म्या लोकांना जुनं पान आणि निम्म्यांना नवं, असं करून बघायचं ठरलं.

आठवड्याने निकाल कळला. नव्या पानावरून कोर्स सुरू करणारी माणसं जुन्यापेक्षाही कमी निघाली.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती खांद्यावरची पर्स न काढताच खुर्चीत बसली. “साहेब सोमवारपर्यंत सुधारून दाखव म्हणालेत. पण चुकलं कुठे तेच कळेना. आईंना तर पटकन सापडलं होतं.”

सासूबाई देवापुढे हात जोडून उभ्या होत्या. हे ऐकून त्यांनी हात सोडले. मग येऊन तिच्यासमोर बसल्या.

“मला सापडलं नव्हतं गं. मला ठाऊक होतं.”

“म्हणजे?”

“तू रोज माझ्यासमोरच तर करत होतीस. निळं बटण आधी उजवीकडे होतं, मग खाली गेलं, मग मधोमध आलं. मी पाठच करून ठेवलं. म्हटलं, पोरगी एवढी राबतेय, माझ्या हातून नापास व्हायला नको.”

जाऊ त्यांच्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. “आई, परीक्षा तुमची नव्हती, पानाची होती! आणि तो व्हिडिओ मी अख्ख्या ऑफिसला दाखवलाय!”

“तू असा बोभाटा करशील हे मला काय ठाऊक!”

मला हसू आवरेना, पण त्या दोघींची तोंडं बघून मी तोंडाला पदर लावला. जाऊ आत जाऊन पडली. मी दाराशी गेले, तर म्हणाली, “ताई, आता घरातलं कुणीच नको. सगळे मला छानच म्हणणार.”

हे सासूबाईंनी ऐकलं. जरा वेळाने त्या मला म्हणाल्या, “छान न म्हणणारी एक बाई मला माहीत आहे.”

मी काय ते समजले. त्यांच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. एका वर्षी परीक्षेआधी सासूबाईंनी एका कच्च्या मुलीच्या झबल्याची शिवण स्वतः नीट करून ठेवली होती. चित्रबाईंनी ते झबलं उचललं आणि सगळ्या शिक्षकांच्या देखत म्हणाल्या, “हे टाके मुलीचे नाहीत, शिवणबाईंचे आहेत.” तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दोन गल्ल्या सोडून राहतात, पण समोरून आल्या तर एक जण रस्ता ओलांडते.

फोन हातात घेऊन सासूबाई कितीतरी वेळ बसून होत्या. शेवटी लावला. “मी शिवणबाई बोलतेय,” म्हणाल्या आणि घसा खाकरला. “तुमच्याकडे एक काम होतं. माझ्या सुनेचं आहे.”

दुसऱ्या दिवशी चित्रबाई आल्या. चहासुद्धा नंतर म्हणाल्या. सासूबाईंना जावेने खोलीबाहेर पाठवलं, मला मात्र राहू दिलं.

“ही बाई का हसतेय?” पानावरच्या मोठ्या फोटोवर बोट ठेवत चित्रबाईंनी सुरुवात केली. मग तो फोटोच दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. “मला वाटलं, ही काहीतरी शिकवून दाखवेल. नुसतीच दात दाखवतेय.”

जाऊ भराभर लिहून घेत होती.

“आणि ही निळी पट्टी कसली? बटण आहे होय? ‘आत्ताच सुरू करा’! अहो, काय सुरू करा? मी नाही दाबणार. दाबलं आणि पैसे कापले गेले तर? आधी मला एखाद्या बाईने केलेला धडा दाखवा. तो कसा दिसतो, मुलं त्यात काय करतात ते बघू दे. मग ठरवीन मला जमेल का ते.”

जावेचा चेहरा पडत गेला. पण पडता पडता मध्येच तिचे डोळे लकाकले. चित्रबाई उठायच्या आत तिने फोटो काढून टाकलासुद्धा.

त्या जागी तिने खराखुरा लहानसा धडा बसवला, तिथल्या तिथे उघडून बघता येईल असा. बटण त्याच्याखाली नेलं आणि ‘आधी फुकट करून बघा’ असं सरळ लिहिलं. सोमवारी साहेबांना पान दाखवायच्या आधी तिने सांगून टाकलं, की मागचा व्हिडिओ खोटा होता, सासूबाईंनी उत्तर पाठ केलं होतं. साहेब इतके हसले म्हणे की पाणी मागवावं लागलं. पण पान लावायला हो म्हणाले.

या वेळी माणसं थांबली. धडा उघडून बघायची आणि त्यातली बरीचशी बटणही दाबायची. पान जावेकडेच राहिलं. ही बातमी तिने घरी येऊन सांगितली तेव्हा सासूबाईंनी आधी देवाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आणि आई, साहेब म्हणाले, त्या चित्रबाईंना दर वेळी बोलवत जा. मानधन देऊ.”

“बघ!” सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “खोटं बोलले मी, फोन केला मी, आणि नोकरी लागली तिला!”

आम्ही तिघी हसत सुटलो. हसून झाल्यावर जावेने चित्रबाईंना कळवायला फोन उचलला, तर सासूबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

“थांब, मी सांगते,” म्हणाल्या, आणि फोन घेऊन गॅलरीत गेल्या.