रुसका बंधारा

काल जनाक्कांच्या शेळ्यांच्या गोठ्याला आमच्या गावच्या पाणलोट समितीची पाटी दार म्हणून लावलेली दिसली. समिती विभागाच्या मोठ्या मंडळात विलीन झाली. पाटी नुसती गंजण्यापेक्षा हे बरं. 'सचिव'पुढचं माझं नाव एक शेळी चाटत होती.

समिती होती तेव्हा आमच्या प्रत्येक बंधाऱ्याला नाव असे. ओढ्यावरचा तो रुसका. त्याची जागा ठरताना जनाक्का रुसून दगडावर बसल्या होत्या. "माझ्या विहिरीच्या वरच्या अंगाला बांधा, तरच उठते." आम्ही पोट धरून हसलो आणि तिथेच बांधला. पुढे कित्येक उन्हाळे विहीर आटली नाही.

यंदा रुसका गाळाने भरलाय आणि विहिरीने तळ गाठलाय. मंडळाकडे यंत्रं आहेत, म्हणून मी फोन केला.

"बंधारा क्रमांक?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"क्रमांक माहीत नाही. रुसका म्हणतात त्याला."

"असं नाव यादीत नाही, मॅडम."

त्यांची काय चूक? दगडावर बसलेल्या जनाक्का त्यांनी कुठे पाहिल्या होत्या!

आज सकाळी जनाक्का फावडं-घमेलं घेऊन माझ्या दारात उभ्या.

"चल गं सचिवबाई, त्याचा रुसवा आपणच काढू."