डॉक्टरांचं बोट

आमचे डॉक्टर गेली कित्येक वर्षं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघतात. काल पत्नीच्या छातीचा एक्स-रे बघताना त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"इथे काहीतरी आहे, वहिनी," ते म्हणाले.

मग त्यांनी तो एक्स-रे टेबलावरच्या संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरला. त्यातल्या कृत्रिम बुद्धीने सांगितलं, सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी बोट खाली घेतलं. "मग नसेल काही."

"पण तुम्हाला काय दिसलं?" मी विचारलं.

"माझी नजर आता म्हातारी झाली. हे माझ्यापेक्षा कमी चुकतं."

ते खरंही असेल, आणि मला त्याचीच भीती वाटली. ही बुद्धी रोज बरोबर येत राहील आणि एकेक जाणता माणूस असाच निमूट मागे सरेल. ती चुकेल त्या दिवशी तिला थांबवण्याइतका स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास कुणाचा उरला असेल?

"मला शहरात जाऊन पुन्हा तपासून घ्यायचंय," पत्नी शांतपणे म्हणाली.

डॉक्टरांनी चिठ्ठीसाठी पेन उचललं. लिहिण्याआधी त्यांनी एकदा संगणकाकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं.