येथे रुमाल

"थांब. इथे थांब. 'गेला' म्हणालास की लगेच पुढे जायचं नाही. मनात तीन आकडे मोज. मग रुमाल."

मी थांबलो. मनात तीन आकडे मोजले. खिशातून रुमाल काढला.

"डोळ्यांना लावू नकोस. नुसता हातात धर. नाहीतर नाटकवाला वाटशील."

सतरंजीवर बसलेले अकरा एजंट हसले. मीही हसलो. दादाला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

हे धुळ्यात घडलं, आग्रा रोडवरच्या एका माडीवर. तिथे विमा कंपनीची कचेरी होती. पुण्याहून एक साहेब आले होते. त्यांना ऑर्गनायझर म्हणत. आम्हा एजंटांना उभं कसं राहावं, बोलावं कसं, समोरच्याचं मन कसं जिंकावं हे शिकवायचं त्यांचं काम. स्वच्छ कोट, हळू आवाज. बाकी सगळ्यांना ते 'राव' लावीत. मला 'तू' म्हणत. मला ते खटकलंही नव्हतं. आमच्या घरातल्यांना सगळे 'तू'च म्हणत आलेले.

मी मॅट्रिक झालेला. वाचायची आवड, पण चार माणसांत तोंड उघडत नसे. विमा विकायला गेलो की ओसरीवर बसून छापील नियम पहिल्यापासून वाचून दाखवायचो. लोक जांभया द्यायचे. चार महिन्यांत दोन विमे झाले होते. तिसरा झाला नसता तर नाव कमी होणार होतं.

साहेबांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या आयुष्यात काय घडलंय ते सांगा. माझी पाळी आली. मी सांगितलं. माझा मोठा भाऊ इथल्या कापसाच्या प्रेसमध्ये हमाल होता. पाठीवर रुईच्या गाठी वाहून त्यानं मला शिकवलं. गाठींची थप्पी कोसळली आणि तो खाली सापडला. प्रेसवाले म्हणाले, दारू प्यायला होता. तो कधी दारू प्यायला नाही. मागे वहिनी आहे.

साहेब मान कलती करून ऐकत होते. माझं संपलं. ते म्हणाले, "उत्तम."

उत्तम!

"एवढं भांडवल घरात पडलंय आणि तू कलमं वाचत बसतोस?"

त्यांनी माझ्याकडून सगळं कागदावर लिहून घेतलं. मग लाल पेन्सिल काढली. 'हमाल' हा शब्द खोडला. वर लिहिलं, 'शाळामास्तर'.

"हमालासाठी कोणी रडत नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माझ्यासारखाच होता."

'थप्पी' खोडली. लिहिलं, 'विषमज्वर'.

"आणि दारूचं तर नावच नको."

"पण साहेब, तो पीत नव्हता."

"मग नकोच की."

समासात दोन ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं: येथे थांबणे. येथे रुमाल.

तो कागद मी तिथेच ठेवून जिना उतरायला हवा होता. मी काय केलं? मी विचारलं, "साहेब, मास्तर कितवीपर्यंतचा म्हणू?"

"चौथीपर्यंतचा. फार मोठा नको करूस."

पुन्हा सगळे हसले. साहेबांच्या पेन्सिलीची मला चीड आहे. पण लाज वाटते ती माझ्या त्या प्रश्नाची. तो त्यांनी माझ्या तोंडात घातला नव्हता. तो माझाच होता.

पहिलं घर सोनगीरचं. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा एक शेतकरी, त्याची बायको, दोन मुली. शिकवल्याप्रमाणे ताठ बसलो. मुलींची नावं विचारली. तो बोलत होता तोवर मध्ये बोललो नाही. मग दादाची गोष्ट सांगितली. तीन आकडे मोजले. रुमाल धरला. त्याच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. विमा झाला.

साहेबांनी शिकवलेलं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात मान खाली घालायला शिकवतात. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, असं मला त्याआधी कोणी सांगितलंच नव्हतं. माझी पाठ ताठ झाली, हे खरं आहे. ती कशावर ताठ झाली, हेही खरं आहे.

घरामागून घर होत गेलं. शिंदखेड्यापर्यंत गेलो. प्रत्येक ओसरीवर दादा नव्यानं तापानं मेला. हळूहळू मी माझ्या मनानं भर घालू लागलो. त्याच्या हातात खडू दिला. त्याच्या शाळेतली मुलं रांगेनं अंत्ययात्रेला आली, असं सांगू लागलो. साहेबांनी हे सांगितलं नव्हतं. मी पुस्तकं वाचलेला माणूस, मला ते आपोआप सुचलं. दादाच्या मयतीला खरं तर आठ हमाल आले होते. तसेच कामावरून उठून. त्यांच्या केसांत रुई अडकलेली होती.

एका बाजारच्या दिवशी घरी आलो तर वहिनी उंबऱ्यात बसलेली. पुढ्यात मुगाचं छोटं गाठोडं.

"भाऊ, सोनगीरनी एक बाई उनी व्हती."

"कशाला?"

"मास्तरनी बायकोले भेटाले."

मी चपला काढत होतो. तसाच वाकून राहिलो.

"मी सांगं, बाई, तू घर चुकनी. तर ती मना हात धरीसन रडनी. हाई मूग दी गई." वहिनीनं गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "भाऊ, त्यास्ले मास्तर कोनी करं?"

मी सगळं सांगितलं. कागद, पेन्सिल, ताप. वहिनी रडली नाही.

"प्रेसवालास्नी सांगं दारू. तुम्ही सांगं ताप. मंग थप्पी कोनी सांगी?"

थप्पी कोणीच सांगितली नव्हती. ती झुकली आहे, हे दादानं त्या सकाळी मुकादमाला सांगितलं होतं. हे मला ठाऊक होतं, त्या आठ हमालांना ठाऊक होतं. हमालांना कोणी विचारत नाही. माझं मात्र गावोगावचे लोक पाणी देऊन, सतरंजी घालून ऐकत होते. आणि मी त्यांना ताप सांगत होतो.

मी वहिनीचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले.

"मना पाय कसाले धरतस? जठे सांगं, तठे जाईसन सांगा."

पुढच्याच आठवड्यात जळगावला सगळ्या एजंटांचा मेळावा होता. त्या तिमाहीत धुळ्याकडून सर्वांत जास्त विमे माझे होते. नव्या एजंटांना नमुना म्हणून मला गोष्ट सांगायला उभं करायचं ठरलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर व्यापारी पाहुणे बसले होते. त्यांत दादाच्या प्रेसचे एक भागीदार होते.

साहेब म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता ऐका."

मी उभा राहिलो.

"माझा मोठा भाऊ धुळ्याच्या प्रेसमध्ये हमाल होता."

"मास्तर," साहेब हळूच म्हणाले. नाटकात विसरलेल्याला आठवण देतात तसे.

"हमाल होता. तापानं मेला नाही. गाठींच्या थप्पीखाली मेला. थप्पी झुकली आहे, असं त्यानं सकाळीच मुकादमाला सांगितलं होतं. तो दारू पीत नव्हता. तो प्यायला होता असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एक गृहस्थ इथे बसले आहेत."

मी कुठेही थांबलो नाही. भागीदारांनी शेजाऱ्याला विचारलं, "हा कोण?"

"खाली बस," साहेब म्हणाले. "बस म्हणतो ना!"

मी बसलो नाही. बाहेर गेलो. ते मागून व्हरांड्यात आले. "तुला माणसांत आणला मी," म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मी चालू लागलो. नोकरी तिथेच संपली.

यात धीर होता असं कोणी समजू नये. त्या सभागृहातल्या माणसांना मी खोटं सांगितलेलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं ती चौतीस घरं होती.

आधी सोनगीरला गेलो. ऐकून शेतकरी म्हणाला, "मंग तो इमा बी खोटाच शे का?" म्हटलं, विमा खरा आहे, मी खोटा होतो. त्याची बायको उठून आत गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. पुढे एका घरानं दारच लावून घेतलं. शिंदखेड्याला एक दुकानदार हसला. "हमालच ना? एवढ्यासाठी पायी आलास?" त्याला मी थप्पीचं पहिल्यापासून सांगितलं. त्याचं हसू थांबेपर्यंत सांगितलं.

वहिनी कामापुरतं बोलते. किती घरं झाली, हे ती विचारत नाही. मीही माफी मागत नाही. मागायचा हक्क उरलेला नाही.

एकोणीस घरं राहिली आहेत. ती झाली की प्रेसच्या फाटकावर उभा राहणार आहे. तिथे तेवढ्याच उंच थप्प्या अजूनही लागतात. आत जाणाऱ्या प्रत्येक हमालाला सांगणार आहे, थप्पी झुकलेली दिसली तर खाली जाऊ नका, आणि मुकादमाला एकट्यानं सांगू नका, आठ जणांनी मिळून सांगा. मला हाकलतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.