घरात राहिल्याचा पुरावा

त्यांचं आडनाव खरं तर वेगळंच होतं. पण घरांचा एजंट त्यांना 'बिऱ्हाडकर' म्हणायचा आणि पुढं पुढं तेही फोन उचलून "बिऱ्हाडकर बोलतोय" असंच म्हणू लागले. उद्योगच तसा होता. दुसऱ्याच्या रिकाम्या घरात जाऊन राहायचं, मालक परतला की वळकटी उचलायची आणि पुढचं घर गाठायचं.

तीस वर्षं ते लिफ्टच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. मग भाड्याची जागा पाडायला निघाली. लेक दूरच्या शहरात होती. ती "या ना बाबा" म्हणायची, पण तिच्या दोन खोल्यांत सासूसासरे आधीच होते. अशा वेळी एजंट भेटला. घर सलग तीस दिवस रिकामं राहिलं, तर विमा कंपनी नुकसानभरपाईला नकार देते, असं कलम मालकाच्या कागदांत असतं. नळ फुटो, चोरी होवो, कंपनी कानावर हात ठेवते. म्हणून घरात राहता माणूस लागतो.

"आणि काम काय करायचं?" त्यांनी विचारलं होतं.

"काही नाही. राहायचं."

तेही त्यांनी मन लावून केलं. एक ताट, एक पेला, एक चादर. मालकाच्या खुर्चीत ते बसत नसत, स्वतःची घडीची खुर्ची सोबत नेत. स्वयंपाकघराला हात लावत नसत. जेवण बाहेर, कचरा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या पेटीत. वीजही जाळायची नाही. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येई, तेवढ्यात भागवायचं. घर सोडताना मालकाला कुणी राहून गेल्याचा मागमूस लागू नये, याचा त्यांना मोठा अभिमान होता. आठ वर्षांत अकरा घरं झाली, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

बारावं घर पहिल्या मजल्यावरचं. मालक नवराबायको परदेशी गेलेले, खाली शिंप्याचं दुकान. चार महिने सुरळीत गेले. एका सकाळी बिऱ्हाडकर डोळे तपासायला दवाखान्यात गेले, तेवढ्यात न्हाणीघराच्या भिंतीतला गंजका पाइप फुटला. ते दुपारी परतले तेव्हा शिंपी दुकानाबाहेर गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उभा होता. छताचा पोपडा यंत्रांवर पडला होता आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पाण्यात पडून रंग सोडत होते.

शिंप्यानं भरपाई मागितली ती मालकाकडे. घर त्याचं, पाइप त्याचा. मालकानं बोट दाखवलं विम्याकडे. आणि विम्यानं विचारलं, घरात कुणी राहत होतं का?

सर्व्हेअर म्हणून एक तरुण बाई आली. बोलायला नम्र, पण कामाला चोख. तिनं मीटरचा फोटो काढला, शेगडीवर बोट फिरवलं, कपाटं उघडून पाहिली, न्हाणीघरातला साबण कोरडा आहे का तेही पाहिलं. बिऱ्हाडकर दाराशी उभे होते, शाळेत तपासनीस आल्यासारखे.

"काका, रागावू नका. पण तुम्ही इथं राहत होतात याला पुरावा काय?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "मी आहे ना इथं."

"आज आहात. चार महिने इथंच होतात हे कशावरून? वीज जळलेली नाही. तुमच्या नावाचं एक पत्र नाही. समोरच्या बिऱ्हाडात विचारलं, ते म्हणाले घर बंद असतं."

समोरच्यांनी त्यांना पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे ते तिला घेऊन गेले. तो बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "येत असतील. गिऱ्हाईक पुष्कळ असतं." त्या संध्याकाळी मालकाचा परदेशातून फोन आला. सगळं ऐकून घेऊन त्यानं हळूच विचारलं, "पण काका, राहत होतात ना नक्की?"

बिऱ्हाडकर घडीच्या खुर्चीत बसून राहिले. कारखान्यात एका खिळ्याचीही नोंद चुकली नव्हती त्यांची. आणि आता ते स्वतःच कुठल्या वहीत सापडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर खाली शिंप्याचा जबाब घ्यायला बसली. बिऱ्हाडकरही होते. वर कुणी राहत होतं का, असं तिनं विचारलं तेव्हा शिंप्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"राहत होतं की. मी नऊपर्यंत मशीनवर असतो. सात वाजले की वर चालणं सुरू. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. डावा पाय जरा घासत. साडेआठला खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि मग बोलणं."

"कुणाशी?"

शिंप्यानं बिऱ्हाडकरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आधी वाटलं फोनवर बोलतायत. पण फोनवर बोलणारा माणूस मध्ये मध्ये गप्प होतो. हे गप्प होत नव्हते. आज काय खाल्लं, कुठं गेलो, असं सगळं सांगायचे. शब्द नीट कळायचे नाहीत, सूर कळायचा."

बिऱ्हाडकरांना वाटलं, धरणी दुभंगावी. आपण मोठ्यानं बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

शिंप्याचा यात स्वार्थ होता, हे सर्व्हेअरलाही कळत होतं. तिनं बिऱ्हाडकरांना दहा पावलं चालून दाखवायला सांगितलं. डावा पाय घासत होता. तिनं लिहून घेतलं. महिन्याभरात दावा मंजूर झाला, शिंप्याला नवी यंत्रं मिळाली. "चहाला येत जा," तो म्हणाला. बिऱ्हाडकर "येईन" म्हणाले. पण माणसानं आपल्याला इतकं ऐकलेलं असलं की त्याच्यासमोर बसायचं कसं, हे काही त्यांना उमगलं नाही.

एजंट मात्र शहाणा झाला. तेराव्या घरात पाठवताना त्यानं अटी घातल्या. रोज दिवे लावायचे, शेगडी पेटवायची आणि त्या पत्त्यावर आपल्या नावानं निदान एक पत्र मागवायचं, फाइलला लावायला.

पत्र पाठवणारं एकच माणूस होतं. त्यांनी लेकीला फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. तिच्यामागं मुलांचा गलका चालला होता. तिला त्रास नको म्हणून ते म्हणाले, "लिहायला वेळ नसला तरी चालेल गं. पाकिटावर नाव आणि पोस्टाचा शिक्का तेवढा हवा."

"पाठवते हं बाबा."

ते रोज टपालपेटी बघू लागले. मालकाची बिलं यायची, जाहिराती यायच्या. तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. लेकीचं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. हात धुऊन, दिवा लावून, सुरीनं कडेनं हलकेच पाकीट उघडलं.

आत तीन घड्या घातलेला कागद होता. दोन्ही बाजूंनी कोरा.

एजंट शनिवारी आला. शिक्का उजेडात धरून पाहिला, तारीख वाचली आणि समाधानानं मान हलवली. "काम झालं, बिऱ्हाडकर," असं म्हणत त्यानं पाकीट फाइलमध्ये अडकवलं.