दादांसमोर विचारलेला प्रश्न

"लंग कॅन्सर आहे, पण स्टेज वन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसात गाठ, पण अजून एकाच जागी. मला पहिले दोनच शब्द ऐकू आले. पुढचं सगळं माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, विचारून घेतलं.

आम्ही नांदूरघाटजवळचे, शेळ्या राखणारे. खोकला धुळीचा समजून मी चार महिने अंगावर काढला होता.

ऑपरेशनआधी रक्ताची सीईए नावाची तपासणी झाली. गाठीमुळे रक्तात वाढणारा हा एक पदार्थ. तो जास्त असेल तर आजार पुढे पसरण्याचा धोकाही जास्त, असं डॉक्टरांनी समजावलं. माझा जास्त होता. गाठ काढल्यावर तो उतरायला हवा होता. उतरला नाही.

"बिडी-सिगारेट?" डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तसंच पुन्हा विचारलं.

शेजारी दादा. आमच्यात थोरल्या भावासमोर बिडीचं नावही काढत नाहीत. नातवंडांचा आजा झालेला मी, मान खाली घालून म्हणालो, "न्हाई साहेब."

"मग पेट स्कॅन करू." आजार अंगात आणखी कुठे गेलाय का, ते दाखवणारी ही तपासणी. स्कॅनला आठवडा होता. भीती फार दाटली की मी मूर्ख गोठ्यामागे जाऊन बिडीच पेटवायचो.

स्कॅनच्या दिवशी दादा चहाला गेले, तेवढ्यात मी केबिनमध्ये शिरून सगळं सांगून टाकलं. डॉक्टर भडकलेच. "बिडीनेही रक्तातला हा सीईएचा आकडा चढतो. पण म्हणून निश्चिंत राहू नका. आजपासून बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त."

स्कॅन चांगला आला. तरी ते सहा आठवडे कसे काढले, माझं मला ठाऊक.

आकडा उतरला. यापुढे दर तीन महिन्यांनी तपासायचा आहे, आणि दर वेळी भीती वाटणारच. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांना खरं सांगा. लाज वाटत असेल तर घरच्यांना बाहेर बसवा.

आकडा उतरल्याचा रिपोर्ट घेऊन परतताना एसटीत मी दादांना बिडीचं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"मला ठाव हाय. तू पोरगा व्हतास तवापासून." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरनं इचारलं तवा मीच सांगाया पायजे व्हतं. माजी बी जीभ उचलली न्हाई. अदबीपायी तुजा जीव घालवला असता रे मी."