महादेवप्पाचा खाकी कोट

सिद्धेश्वर मास्तर आता पोट धरधरून हसतात अन् कबूल करतात, की शरणम्मा पहिल्यांदा शाळेच्या पायरीवर येऊन बसली तवा त्यांना वाटलं, ही म्हातारी नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात कोरा म्हणून भांडायला आली. मास्तर हुशार, पण माणूस ओळखण्यात कच्चे. बायको बघायला गेले तवा मेहुणीलाच नवरी समजून बसले होते, पण ते राहू द्या.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवा जिल्हा, नवा कलेक्टर, नवे शिक्के. मग जळकोटकडच्या ह्या गावालाही काहीतरी नवं पाहिजे झालं. सरपंच अण्णारावांनी ठरवलं, निजामाच्या रझाकारीच्या सालात मेलेल्यांच्या नावाचा दगड शाळेपुढं बसवायचा. सतरा सप्टेंबरला उद्घाटन, लातूरहून साहेब येणार. अक्षर वळणदार म्हणून यादी मास्तरांच्या गळ्यात पडली. मास्तर बाहेरगावचे. त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडं लिहिलं 'हुतात्मे', उजवीकडं 'रझाकार', अन् गावात विचारत फिरले. दोन्हीकडं एकेकच नाव आलं. डावीकडं महादेवप्पा, शरणम्माचा नवरा. उजवीकडं दस्तगीर पिंजारी.

"ही रेघ कुनी मारली?" शरणम्मानं विचारलं.

"मीच, आजी."

"मग तुम्हीच पुसा."

मास्तरांनी समजावलं, की हुतात्मा म्हणजे लढता लढता मेलेला, मोठा मान असतो.

"कुठला लढतो वो! कडबा आणाया गेल्ता. रझाकारांच्या टोळीनं वाटंत गाठलं अन् मारलं. भांडण झालं की पहिला घरात पळायचा त्यो, मला पुढं करायचा."

"अन् दस्तगीर?"

"त्यो दारात कापूस पिंजत बसल्ता. भादव्यात फौज आली, तिच्या मागून शेजारच्या गावचा जमाव आला."

"फौज नाही, आजी. त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात."

"हाव का? मग त्या हिरव्या गाड्या भरभरून गेल्या त्ये काय वरातीला चालले होते?"

मास्तरांनी पेनाला टोपण घातलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं, त्यांचा काय दोष!

तेवढ्यात अण्णाराव आले. "अव्वा, उगं उकरू नका. दस्तगीरच्या अंगावर खाकी होती, मी डोळ्यानं बघितली."

"तू बारा वर्षांचा होतास, अण्ण्या. आईच्या पदरामागून बघत होतास."

सरपंचाला अण्ण्या म्हणणारी गावात ती एकटीच उरली होती. मास्तरांनी हसू दाबलं.

"त्यो कोट माझ्या मालकाचा," शरणम्मा म्हणाली. "मालक गेल्यावर दस्तगीरनं आमच्या गाद्या पिंजून दिल्या, पैसे घेईना. म्हणून मी कोट दिला. पावसाचा अंगात घालून बसल्ता, अन् खाकी बघून लोकांनी रझाकार म्हणून तोडला. रझाकार लिहायचाच तर मला लिहा. कोट माझ्या हातचा हाय."

चौतीस वर्षं ती हे सांगत होती, लोक ऐकून सोडून देत होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दस्तगीरच्या बायकोला, चांदबीला, 'ए रझाकाराची' म्हणून हाक मारायचे अन् पाण्याला सगळ्यांत शेवटी उभं करायचे. शरणम्मा रोज आपली घागर घेऊन तिच्याही मागं उभी राहायची. आता तोच शब्द दगडावर चढला, तर चांदबीच्या नातवंडांना रोज त्याच्यापुढून शाळेत जावं लागणार होतं.

"बोलून काय होतंय? पुरावा?" अण्णाराव म्हणाले.

शरणम्मा उठली, गेली अन् चांदबीला घेऊन आली. चांदबीच्या काखेत गाठोडं. नवऱ्याला माती द्यायच्या आधी तिनं कोट उतरवून घेतला होता, बाहेरचं रक्त तेवढं पुसलं होतं. फाटलेलं शिवलं मात्र नव्हतं. शरणम्मानं कोट उलटा केला. आत छातीपाशी इरकल लुगड्याच्या तुकड्याचा एक चिमुकला खिसा होता. महादेवप्पा त्यात भस्माचा गोळा ठेवायचा, इष्टलिंगाच्या पूजेचा. तिनं खिसा झटकला तशी शिवणीतून पांढरी भुकटी मास्तरांच्या यादीवर पडली.

"सांग अण्ण्या, कंचा रझाकार छातीशी भस्म घेऊन फिरत होता?"

अण्णारावांनी कोट हातात घेतला अन् खिशात बोट घालून बघितलं. तरी म्हणाले, "पण साहेबांना हुतात्मा सांगितलाय..."

"मग त्याचं बी नाव खोडा. दोघं राहतील न्हाई तर कुनीच न्हाई. मोकळा दगड दाखवा साहेबाला."

गावात हुतात्मा एकच. तोही गेला तर दगडावर उरणार काय, नुसतं सरपंचाचं नाव? अण्णारावांनी मास्तरांना खूण केली. मास्तरांनी तो कागद फाडला अन् नवीन घेतला. "वर काय लिहू, आजी?"

"जे झालं त्येच. गावातली माणसं, अठ्ठेचाळीसच्या गडबडीत मारली गेली."

मास्तरांनी लिहिलं. खाली दस्तगीर लिहायला पेन टेकवलं, तशी शरणम्मा कडाडली, "थांबा! आधी महादेवप्पा."

चांदबी फणकारली. "का गं शरणक्का? माझा घरवाला वयानं मोठा होता!"

"मोठा? मग माझ्या मालकाला जलमभर 'अण्णा, अण्णा' करत का फिरायचा?"

चांदबी कोटाची घडी घालायला लागली. दस्तगीर म्हणायचा खरा, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा.

"लिहा मास्तर," शरणम्मा म्हणाली. "अन् अक्षर जरा मोठं काढा."